नेम मोडत नाही, तक्ता मात्र मोडतो

श्रावण जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. एरवी वजन, साखर, थायरॉइड यांच्याबद्दल विचारणा असते, आता उपास, माळ, प्रसाद यांच्याबद्दल सुरू होते. मिरजेतल्या माझ्या दवाखान्यात नव्या पेशंटच्या फॉर्मवर उंची-वजनाखाली मी एक रकाना ठेवला आहे : ‘वार, उपास, कुलाचार, माळ, रोजा’. काही जण तो बघून हसतात, काही जण तिथंच अर्धं पान भरतात. या महिन्याची पत्रं त्या रकान्यातलीच आहेत. नावं छापत नाही, मजकूर थोडा आटोपता घेतला आहे.

ताई, मी ४६ वर्षांची, घरी शिवणकाम करते. चार वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, तरी एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.६ आलं. दोन आहारतज्ज्ञांचे तक्ते फ्रिजवर चिकटवलेत, एकही पंधरवडाभर टिकला नाही. गुरुवार आणि एकादशी मात्र लग्नापासून चुकवलेली नाही. पारायणाला बसले की उठत नाही. पण रात्री सगळे झोपले की ओट्यापाशी उभ्याउभ्या डब्यातलं भडंग खाते, डबा संपेपर्यंत. माझी श्रद्धा खोटी आहे का? अध्यात्माचा खाण्यापिण्याला काही उपयोग होतो, की ते देवघरापुरतंच?
— एक वाचक भगिनी, जयसिंगपूर

ताई, श्रद्धा खोटी असती तर गुरुवार केव्हाच सुटले असते. तुमचा नेम टिकतो कारण तो तुम्ही घेतलेला आहे. तक्ता दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेला. त्यात ‘सकाळी ११ : एक सफरचंद’ असं असतं. अकराला तुमच्या मशीनवर कुणाचा तरी ब्लाऊज असतो, गिऱ्हाईक दारात उभं असतं आणि घरात सफरचंद नसतं. तिथं तक्ता मोडतो, आणि एकदा मोडला की संपूर्ण दिवस सोडून दिला जातो. तेव्हा ते दोन्ही कागद काढून ठेवा. तुम्हाला नेम जमतो, तर आपण नेमच घेऊ, आणि एकच घेऊ.

बसल्याशिवाय, वाढून घेतल्याशिवाय आणि नाव घेतल्याशिवाय तोंडात काही टाकायचं नाही. बस. भडंग सोडा असं मी जयसिंगपूरच्या बाईला सांगणार नाही, सांगितलं तरी तुम्ही ऐकणार नाही. खायचं, पण एका वाटीत काढून, डब्याला झाकण लावून, डबा फळीवर ठेवून. मग खुर्चीत किंवा पाटावर बसायचं, ‘वदनी कवळ’ संपूर्ण म्हणायचं आणि मग पहिला घास. श्लोक म्हणायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही, पण तेवढ्यात हात थांबतो. रात्रीच्या खाण्यात हात थांबणं हीच मोठी गोष्ट आहे, कारण ते खाणं डोक्याला न विचारता चाललेलं असतं.

माझ्याकडच्या बायकांचं मी बघते, बऱ्याच जणींना मग एक वाटी पुरते. काहींच्या लक्षात येतं की भूक नव्हतीच. दिवसभरात पहिल्यांदा घर शांत झालेलं असतं, आपल्याकडे कुणी काही मागत नसतं, आणि त्या निवांतपणाला जोड म्हणून तोंड चालू असतं. तुमचं तसं असेल तर ती पंधरा मिनिटं हक्काची ठेवा. जपमाळ घ्या, रेडिओ लावा, नुसत्या गॅलरीत बसा. आणि खरोखरच भूक असेल तर तिचं कारण बहुधा संध्याकाळच्या जेवणात सापडेल. शिवणकाम करणाऱ्या बायका रात्री दोन पोळ्या आणि कालवणातला रस्सा खाऊन उठतात. डाळ-उसळ मुलांच्या ताटात जाते. ती आधी तुमच्या ताटात वाढा. कोशिंबीर, भाजी, डाळ आधी आणि पोळी-भात मागाहून असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची साखरही कमी उसळते.

परदेशात हेच काम वेगळ्या मार्गानं झालं. १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ध्यानावर आधारलेला तणावमुक्तीचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात एकच मनुका हातात घेऊन बघायची, हुंगायची, जिभेवर ठेवायची, सावकाश चावायची असा पाठ असतो. पुढे त्यावरून खाण्याच्या सवयींसाठी स्वतंत्र पद्धती निघाल्या. भान सुटून भराभर खाण्याच्या सवयीवर त्यांचा चांगला उपयोग दिसला आहे, वजन मात्र त्यानं फार उतरतं असं नाही. हे मी मुद्दाम सांगते. नाव घेऊन जेवल्यानं साखर आपोआप उतरेल असं कुणी सांगत असेल तर ते फसवणं झालं.

आता तुमचा गुरुवार. दिवसभर काय खाता हे पत्रात लिहिलेलं नाही, पण ‘खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स, दोन कप साखरेचा चहा’ असं असेल तर तुमची साखर सर्वात जास्त त्याच दिवशी चढते. १०० ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून जास्त निव्वळ पिष्ट असतं, प्रथिनं ग्रॅमभरसुद्धा नाहीत. ‘उपासाला हेच चालतं’ म्हणाल, तर ही यादी काही देवानं पाठवलेली नाही. साबुदाणा येतो तमिळनाडूतल्या सेलमकडून, त्याचा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, सगळी मंडळी अमेरिका खंडांतलीच. आपल्या पूर्वजांनी त्यांना उपासात जागा दिली, तर तुम्हीही त्या जागेत थोडी अदलाबदल करू शकता. राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याची भाजी, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक. राजगिऱ्यात १०० ग्रॅममागे १३-१४ ग्रॅम प्रथिनं आहेत, दाण्यात २५. खिचडी हवीच असेल तर चमचा-दोन चमचे, बाजूला. आणि भगरीचं सुटं पीठ घेऊ नका. बुरशी धरलेल्या भगरीमुळे उपासाच्या दिवसांत विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यातून वरचेवर येतात. भगर पाकीटबंद घ्या, निवडून-धुऊन घरीच दळा.

तुमच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे का हे डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी ती घेतली तर साखर एकदम खाली जाते. उपासाच्या दिवशीचा डोस त्यांच्याकडून लिहून आणा, मनानं गोळी चुकवू नका.

आणखी एक. खाण्याला पाप-पुण्य लावू नका. एक लाडू खाल्ला, ‘व्रत मोडलं’, मग आता मोडलंच आहे तर आणखी चार, हा खेळ मी रोज ऐकते. पारायणात ओवी चुकली तर पोथी मिटून ठेवता का? मागच्या ओवीपासून पुन्हा धरताच ना.

राम कृष्ण हरी, ताई. वय ५८, वजन ६२ किलो, शेती. पाच वर्षांपूर्वी माळ घातली. आधी रोज अंडी असायची, रविवारी मटण. आता सगळं बंद, बरं वाटतं. पण वर्षभरापासून तळपायाला मुंग्या, जीभ लाल, थकवा. बी-१२ तपासलं तर ११८ आलं. मेटफॉर्मिन चालू आहे. नातू म्हणतो अंडी खा. माळ उतरवायची वेळ आली काय?
— एक माळकरी, अंबाजोगाई तालुका

राम कृष्ण हरी, माउली. माळ राहू दे गळ्यात. पण या आकड्याकडे दुर्लक्ष करू नका, मुंग्यांकडे तर नकोच. बी-१२ फार दिवस कमी राहिलं तर नसांना झालेली इजा भरून येत नाही.

हे आत्ताच का झालं, ते सांगते. बी-१२ यकृतात साठलेलं असतं आणि तो साठा वर्षानुवर्षं पुरतो. त्यामुळे मटण-अंडी सोडल्यावर पहिली दोन-तीन वर्षं काहीच जाणवत नाही. त्यात मेटफॉर्मिनमुळे ते आतड्यात कमी शोषलं जातं, आणि वयानुसारही शोषण कमी होतं. म्हणजे तुमच्या बाबतीत तीन कारणं एकत्र आली. पालेभाजी, मोड आलेली मटकी, स्पिरुलिना, यांतून अंगी लागेल असं बी-१२ मिळत नाही, कुणी काहीही विको. शाकाहारात ते फक्त दूध-दही-ताकात. माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं, अर्धा लिटर दुधादह्यातून त्याच्या आसपास पोचता येतं. पण ते साठा टिकवायला. रिकामा झालेला साठा भरायला औषधच लागेल, डॉक्टर बहुधा इंजेक्शनांनी सुरुवात करतील.

माळकऱ्यांना एक शंका असते, ती तुम्ही लिहिली नाही तरी मी सोडवते : हे औषध मांसातून काढतात का? नाही, जिवाणूंच्या मदतीनं आंबवून तयार करतात. मात्र मऊ, पारदर्शक कॅप्सूलचं वेष्टण बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून-कातड्यापासून बनतं. तेव्हा औषधाच्या दुकानात कॅप्सूलऐवजी साधी गोळी मागा, किंवा डॉक्टरांनाच तसं लिहायला सांगा. इतकं विचारायला लाजू नका. पेशंटचा नेम सांभाळून औषध देणं हे आमचं कामच आहे.

प्रथिनांचं गणितही बघून टाकू. भाकरी-डाळीवर जगणाऱ्यानं किलोमागे साधारण एक ग्रॅम धरावं, म्हणजे तुम्हाला ६० च्या घरात. दोन मोठ्या ज्वारीच्या भाकरींतून १५ ग्रॅम, दुपारी मटकीची किंवा हुलग्याची वाडगाभर उसळ १३, रात्री पिठलं ८-९, दूध-ताक मिळून १३, मूठभर भाजलेले शेंगदाणे ७. बेरीज करून बघा, ५६-५७ होते, जवळपास पोचताय. अडचण येते ती दुपारी फक्त ठेचा-भाकरीवर भागवलं की. वारीच्या वाटेवर पिठलं-भाकरीच्या पंगती बसतात तेव्हा पिठलं दोनदा मागून घ्या.

एका शिबिरात ‘२१ दिवसांत सात्त्विक शुद्धी’ असा कार्यक्रम आहे. मंत्रवलेलं पाणी, फक्त फळं, कांदा-लसूण बंद. वजन आठ किलो उतरतं म्हणतात. पैसे भरू का?
— नाशिक

पैसे ठेवा. २१ दिवस फक्त फळं खाल्ली तर वजन उतरेलच, पण त्यात पाणी आणि स्नायू बरेच जातील आणि पोळी-भाजीवर आलात की परत चढेल. शरीराची शुद्धी करायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, ती फुकट काम करतात. कांदा-लसणाचं म्हणाल तर चातुर्मासात सोडण्याची रीत जुनी आहे, आवडत असेल तर पाळा. वजनाशी त्याचा संबंध नाही. कांदेनवमीला जी भजी होतात त्यांत वजन वाढवणारा कांदा नसतो, तेल असतं.

ताई, कुणाशी बोलावं कळत नाही. मुलगी १९ वर्षांची, पुण्यात हॉस्टेलवर. बारावीनंतर सोमवार धरला, मग गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. आता आठवड्यातले चार दिवस पाण्यावर असते. उंची पाच फूट दोन इंच, वजन ५२ वरून ३९. पाच महिने पाळी नाही. सासूबाई कौतुक करतात, एवढ्या वयात एवढी भक्ती. मी काही बोलले की देवाचं आहे, आड येऊ नकोस म्हणते.
— एक आई, कराड

ताई, हे पत्र आल्याबरोबर मी तुम्हाला वेगळं उत्तर पाठवलं आहे. इथं छापते ते इतर आयांसाठी.

अशा वेळी मी देवाबद्दल वाद घालत नाही, तीन गोष्टी विचारते. उपास सोडताना ती काय खाते? सणाला सगळ्यांबरोबर पुरणपोळी खाते का? आणि आजीनं ‘बाळा, आज तब्येत बरी नाही, राहू दे’ म्हटलं तर तिला बरं वाटतं की घाबरायला होतं? आपल्याकडच्या प्रत्येक व्रताला शेवट आहे. एकादशीला द्वादशीचं पारणं आहे, सोळा सोमवारांना उद्यापन आहे, आणि त्या दिवशी गोडाधोडाचं जेवण हा व्रताचाच भाग आहे. आजारी, गरोदर, म्हातारी माणसं यांना सूट आहे. जिथं उपास वाढतच जातात, पारणं टळत जातं आणि जेवायच्या नुसत्या कल्पनेनं रडू येतं, तिथं देवाचं नाव पुढं करून आजार आत शिरलेला असतो. त्या पोरीला ते मुद्दाम करायचं असतं असंही नाही. तिला स्वतःलाच ती भक्ती वाटते.

तुमच्या मुलीची उंची-वजनाची पट्टी, म्हणजे बीएमआय, १६ च्याही खाली आहे. पाळी थांबणं म्हणजे शरीरानं काटकसर सुरू केली. हे काम आधी फिजिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञांचं, आहारतज्ज्ञ त्यांच्या सोबतीनं. ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फेट तपासल्याशिवाय घरी आणून तूप-शिरा-लाडू सुरू करू नका. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातली क्षारद्रव्यं कोसळतात आणि हृदयावर बेततं. चढ हळूहळूच लागतो, तोही देखरेखीखाली. कुणाकडे जावं समजत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं, तर फोनाफोनी न करता थेट रुग्णालय.

सासूबाईंशी मात्र तुम्हालाच बोलावं लागेल. त्यांच्या कौतुकाचा मुलीवर फार परिणाम होतो. त्यांना ‘तुमचं चुकतंय’ म्हणू नका, एक काम द्या. तिला फोन करून त्यांनीच सांगायचं की घरातल्या मोठ्या म्हणून मी तुझे सगळे उपास आजपासून सोडवते. देवाला सांगायचं ते मी सांगते. आजीनं असा भार आपल्या अंगावर घेतला की पोरी उपचाराला तयार होतात, हे मी पाहिलेलं आहे. उपचार त्यानं होत नाहीत, पण दार उघडतं.

अस्सलामु अलैकुम, ताई. एसटीत चालक आहे, वय ५१. मधुमेहाला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. गेल्या रमजानमध्ये दोनदा हातपाय थरथरले, एकदा गाडीवर असताना. डॉक्टर रोजे नको म्हणतात. लहानपणापासून सोडलेले नाहीत. काही वाट आहे का?
— सोलापूर जिल्हा

वालेकुम सलाम, भाऊ. आत्ताच विचारलंत हे फार बरं केलंत. रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरांकडे जायचं असतं, लोक आदल्या दिवशी येतात.

गाडीवर ड्यूटी असेल त्या दिवशी तुमचे डॉक्टर म्हणतात तेच मीही म्हणेन. हात थरथरले तेव्हा तुमच्यामागे चाळीस-पन्नास माणसं बसलेली होती. आजारी माणसानं रोजा पुढे ढकलून नंतर भरून काढावा, आणि तेही जमत नसेल तर फिदया, म्हणजे रोज्याच्या बदल्यात गरजूला अन्न, द्यावा, ही मुभा कुराणातच आहे. मौलानांना भेटून तुमच्या ड्यूटीची आणि गोळ्यांची सगळी हकीकत सांगा. बरेच डॉक्टर ही गोष्ट टाळतात, मग पेशंट गुपचूप रोजे ठेवतो, आणि ते जास्त धोक्याचं.

सुट्टीच्या दिवसांचं डॉक्टरांनी मान्य केलं तर गोळ्यांच्या वेळा आणि ग्लिमेपिराइडचा डोस तेच बदलतील. बोटाला टोचून साखर बघितल्यानं रोजा तुटत नाही असं बहुतेक उलेमा सांगतात, तेव्हा दिवसातून तीन-चारदा बघा. ७० च्या खाली गेली, ३०० च्या वर गेली किंवा तसंच थरथरायला लागलं तर मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, वाट न बघता त्याच क्षणी रोजा सोडायचा. सहरी, म्हणजे पहाटेचं जेवण, चुकवू नका आणि शक्य तितकी उशिरा करा : ज्वारीची भाकरी, डाळ, अंडं, दही. नुसता चहा-पाव अकरापर्यंतही टिकत नाही. इफ्तारला एक-दोन खजूर आणि पाणी, मग नमाज, मग जेवण. गुलाबी सरबताचा जग आणि भज्यांची परात समोर आली की त्यातलं एक भजं घ्या, सरबत पोरांना द्या. तरावीहमध्ये, म्हणजे रमजानच्या रात्रीच्या नमाजात, उठबस चांगली होते, त्या काळात वेगळा व्यायाम नको.

आमच्या सोसायटीत दर महिन्याला सत्यनारायण असतो. प्रसाद नाकारू नये म्हणतात. साखरेचा पेशंट आहे.
— डोंबिवली

नाकारू नका. सव्वाच्या मापाच्या शिऱ्यात रवा, साखर आणि तूप सारखंच असतं. वाटीभर शिऱ्यात तिन्ही तीस-तीस ग्रॅम धरले तर दूध-केळं सोडूनच ५०० कॅलरींच्या घरात जातं, म्हणजे एक जेवण झालं. उजव्या तळहातावर चमचाभर घ्या, डोळ्यांना लावा, तिथंच खा. द्रोण भरून हातात दिलाच तर घरी न्या आणि सगळ्यांत वाटा. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजमधून काढून गरम करून खाल्ला तर तो नाश्ता आहे, त्या दिवशीचे पोहे रद्द समजा.